कोळसा, कुंडीतला आणि जंगलातला

गेल्या वर्षी जून महिन्यात गच्चीवरच्या मिरचीच्या सहा कुंड्यांपैकी तीन कुंड्यांत मी कोळशाचा चुरा मिसळला. चुरा आमच्या इस्त्रीवाल्याकडून मिळाला होता. पोत्याच्या तळाशी उरणारा बारीक भुगा त्याच्या कामाचा नसतो, आणि बायोचारवरचे, म्हणजे मातीत घालायच्या कोळशावरचे, दोन-तीन लेख वाचून झालेले असल्यामुळे मला तो भुगा म्हणजे सोने वाटत होता. कुंडीतल्या मातीच्या साधारण पाव भाग, असे सढळ प्रमाण मी घेतले. तीन आठवड्यांत बिनकोळशाच्या कुंड्यांतली रोपे तरारली आणि कोळशाच्या कुंड्यांतली खालच्या पानांपासून पिवळी पडू लागली. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसला असता, तर मातीचा सामू (पीएच) वाढून लोह मिळेनासे झाले असे मी समजलो असतो. परंतु जुनी पाने आधी पिवळी पडणे ही नत्र कमी पडल्याची ओळखीची खूण आहे, कारण रोप आपल्या जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांकडे पाठवते. थोडक्यात, जमीन सुधारण्यासाठी घातलेल्या कोळशाने रोपांची उपासमार केली होती.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. मुळशीच्या बाजूला डोंगरउतारावर त्यांची तीन एकर जमीन आहे आणि तिच्यावर त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी लावलेले ऐन, हिरडा, जांभूळ आता चांगले उंच झाले आहेत. कोणीतरी त्यांना सांगितले होते की जंगलाच्या मातीत बायोचार घातला की नत्र वाढते, परदेशात तसे सिद्ध झालेले आहे. "तू रसायनशास्त्र शिकवतोस, खरे काय ते सांग, म्हणजे मी पोती मागवतो," असे ते म्हणाले. कुंड्यांची हकिगत सांगायचे मला धैर्य झाले नाही. "मामा, मला थोडे वाचू द्या," एवढेच मी म्हणालो. ते वाचन पावसाळाभर चालले. परदेशात तसे सिद्ध झाले आहे हे मामांना सांगणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे निघाले, आणि माझ्या कुंड्याही खोटे बोलत नव्हत्या. एकच पदार्थ एका ठिकाणी नत्र लपवतो आणि दुसऱ्या ठिकाणी मोकळे करतो, ते कसे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

सुरुवात कोळशापासूनच करावी लागेल. लाकूड किंवा अन्य काडीकचरा प्राणवायू अगदी कमी ठेवून तापवला की त्यातले पाणी, तेले आणि वायू निघून जातात आणि कर्बाचा सच्छिद्र सांगाडा उरतो. तो मातीत घालण्याच्या हेतूने केलेला असला की त्याला बायोचार म्हणायचे. वणव्यानंतर जंगलात पडलेला कोळसा घडणीने त्याचा सख्खा भाऊ असतो. लाकडात मुळातच नत्र थोडे असते, त्यातले बरेचसे तापताना वायुरूपाने निघून जाते आणि जे उरते ते कर्बाच्या कड्यांमध्ये असे अडकून बसते की मुळांना किंवा जिवाणूंना ते सहजी मिळत नाही. म्हणून लाकडाच्या कोळशाचे कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या वर, कित्येकदा त्याच्याही पुष्कळ पुढे जाते. त्यामुळे लाकडी बायोचारच्या पोत्यावर कोणी 'नत्रयुक्त' असे छापले असेल, तर त्या नत्राचा झाडाला फारसा उपयोग नाही, हे गृहीत धरायला हरकत नाही.

माझ्या कुंड्यांत काय झाले असावे, हे यावरून बऱ्यापैकी उलगडते. ताज्या कोळशाच्या पृष्ठभागावर अर्धवट जळालेल्या, जिवाणूंना पचणाऱ्या संयुगांचा पातळ थर असतो. त्या खाद्यावर जिवाणूंची संख्या वाढते, आणि आपले शरीर बांधण्यासाठी लागणारे नत्र ते मातीतूनच उचलतात. शिवाय कोळशाबरोबर राख होती, राखेने सामू वाढवला, आणि सामू वाढला की अमोनियमचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्या अमोनियमपैकी काही कोळशानेच धरून ठेवले असणार. चार मुठी शेणखतावर उभ्या असलेल्या मिरचीला एवढी गळती पुरेशी होती.

आता जंगलाकडे वळू. यातले मूळ काम स्वीडनच्या उत्तर भागात झालेले आहे, त्यामुळे ते तिथेच ठेवून पाहणे बरे. तिथली स्कॉट्स पाइन आणि स्प्रूसची जंगले नत्रासाठी कायम भुकेली असतात, आणि तरीही त्यांच्या पायाखाली नत्राचा साठा पडून असतो. वरवर विसंगत वाटणारी ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सुया, मॉस आणि झुडपांचा पाला थंडीत सावकाश कुजतो, त्याचा ह्युमसचा जाड थर साचतो, आणि त्यातले बहुतेक नत्र प्रथिने व फिनॉलिक संयुगे (पाल्यातून येणारी एक प्रकारची कर्बयुक्त रसायने) यांच्या चिवट गाठींमध्ये बांधलेले राहते. हे नत्र वापरात येण्यासाठी आधी सूक्ष्मजीवांनी गाठ सोडवून अमोनियम तयार करावे लागते. त्याला अमोनीकरण म्हणतात. मग काही विशिष्ट सूक्ष्मजीव अमोनियमचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, ते नायट्रीकरण. हे काम करणारे जिवाणू विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. आपल्या शेतजमिनीत दुसरा टप्पा इतका झपाट्याने होतो की युरिया टाकल्यावर काही दिवसांत त्याचा मोठा भाग नायट्रेट झालेला असतो. उत्तरेकडच्या जुन्या पाइनच्या जंगलात मात्र हा टप्पा जवळजवळ बंद असतो. तिथल्या मातीत नायट्रेट शोधायला गेले तर ते नावापुरते सापडते.

या जंगलांत नवे नत्र येते तेही थेंबाथेंबाने. जमिनीवर पसरलेल्या प्लुरोझियम या मॉसच्या गालिच्यात नोस्टॉक जातीचे सायनोबॅक्टेरिया राहतात आणि हवेतले नत्र बांधतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे हे प्रमाण हेक्टरी वर्षाला दीड ते दोन किलो आहे. आपल्याकडे शेतकरी एका एकरात युरियाचे एक पोते टाकतो, त्यातच वीस किलोंहून अधिक नत्र असते. ज्या परिसंस्थेची आवक एवढी तुटपुंजी आहे, तिथे साठ्याच्या कुलुपाला फार महत्त्व येते.

ते कुलूप कोण लावते, याचा एक सुंदर पुरावा स्वीडनच्या लॅपलँडमधील होर्नावान आणि उद्द्याउरे या सरोवरांतील बेटांवर मिळाला. डेव्हिड वॉर्डल, ओले झाक्रिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा ५० बेटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कल्पना साधी होती. विजेपासून लागणारा वणवा मोठ्या बेटावर लागण्याची शक्यता जास्त, कारण वीज पडायला तिथे जागा जास्त. इवल्याशा बेटावर हजारो वर्षे वीजच पडत नाही. म्हणजे बेटाचे क्षेत्रफळ हेच वणव्याच्या इतिहासाचे घड्याळ झाले. एक हेक्टरहून मोठ्या बेटांवर शेवटच्या वणव्याला सरासरी सुमारे ६०० वर्षे झाली होती, तर हेक्टरच्या दहाव्या हिश्शाहून लहान बेटांवर ३,००० वर्षांहून अधिक. लहान बेटांवर ह्युमसचा थर जाड, कुजण्याचा वेग कमी, नत्र अडकलेले, आणि जमिनीवर एम्पेट्रम या काळ्या फळांच्या सरपटत्या झुडपाचे राज्य होते. या झुडपाच्या पानांवरील ग्रंथींत बटाटासिन नावाचे फिनॉलिक संयुग तयार होते, पानांवाटे ते मातीत उतरते आणि इतर झाडांच्या बियांची उगवण दाबते. वणव्याविना जंगल म्हातारे होत जाते आणि स्वतःच्या पाल्यात गाडले जाते, असे या बेटांकडे पाहून म्हणता येते.

प्रयोगाची अशी रचना निसर्गाने आयती देणे आणि ती कोणीतरी ओळखणे, या दोन्हींचे मला अप्रूप वाटते. आमच्या प्रयोगशाळेत एक तराजू दुरुस्त व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा हजारो वर्षे चालू असलेला प्रयोग फुकट वाचायला मिळणे ही चैनच आहे. असो.

वणवा हे कुलूप अनेक प्रकारे उघडतो: ह्युमस जळतो, राख पडते, झुडपे जातात. परंतु झाक्रिसन, नील्सन आणि वॉर्डल यांनी १९९६ मध्ये असे मांडले की वणव्याने मागे ठेवलेला कोळसाही या कामात एक वेगळा भाग उचलतो. त्यांनी वेगवेगळ्या काळी जळालेल्या जंगलांतून कोळसा गोळा केला. तो हेक्टरी सुमारे एक ते दोन टन भरला. मग त्या कोळशाची फिनॉलिक संयुगे शोषण्याची ताकद त्यांनी तपासली. अलीकडे जळालेल्या जागेतला कोळसा ती संयुगे चांगली ओढून घेत होता, आणि सुमारे १०० वर्षांनंतर ही ताकद संपत होती. मला सर्वांत बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: निकामी झालेला जुना कोळसा पुन्हा तापवला की त्याची शोषणशक्ती परत येत होती. कोळसा नष्ट झालेला नसतो, त्याची छिद्रे आणि पृष्ठभाग नुसते भरून गेलेले असतात. पाणी गाळण्याच्या यंत्रातला कोळसा काही महिन्यांनी बदलावा लागतो, त्याच जातीचा हा हिशेब आहे. उत्तर स्वीडनमधील मुख्य भूमीवरच्या जंगलांत पूर्वी साधारण शतकातून एकदा वणवा येत असे. म्हणजे जुना कोळसा थकेपर्यंत नवा येत असे, किंवा जुनाच पुन्हा भाजला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वणवे विझवले जाऊ लागले आणि हे चक्र तुटले.

नायट्रीकरणाशी थेट संबंध जोडणारा प्रयोग अटलांटिकच्या पलीकडे झाला. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या पश्चिम भागातील पाँडेरोसा पाइनच्या जंगलांवर थॉमस डेलुका आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो वाचताना मला पहिल्यांदा माझ्या कुंड्यांचे कोडे सुटेल असे वाटू लागले. अनेक दशके न जळालेल्या जंगलाची माती त्यांनी घेतली आणि तिला ग्लायसीन दिले. ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. जिवाणूंना त्यातले नत्र काढायला मुळीच कष्ट पडत नाहीत. अपेक्षेप्रमाणे ग्लायसीनपासून अमोनियम भरपूर तयार झाले, कोळसा असो वा नसो. परंतु बिनकोळशाच्या मातीत गाडी तिथेच थांबली. जंगलातून गोळा केलेला कोळसा वजनाच्या एक टक्का मिसळला, तेव्हा मात्र अमोनियमचे नायट्रेट होऊ लागले, आणि मातीतल्या पाण्यात विरघळलेली फिनॉलिक संयुगे कमी झाली.

या निबंधातली खरी किल्ली त्यातल्या तुलनेत आहे. हाच कोळसा त्यांनी गवताळ जमिनीच्या मातीतही घातला. तिथे नायट्रीकरण आधीपासून चालू होते, आणि कोळशाने त्यात काहीही फरक पडला नाही. बायोचारविषयीच्या उत्साही लिखाणात हा भाग बहुधा गाळला जातो, आणि तो गाळला की निष्कर्ष पार उलटा होतो. कोळशाने नत्र निर्माण केले नाही, नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना जादा खाद्य दिले नाही. त्यांच्या वाटेत जो धोंडा होता तेवढा उचलला. जिथे धोंडाच नव्हता तिथे कोळशाला उचलायला काही नव्हते, आणि माझ्या कुंडीत तर तो स्वतःच धोंडा होऊन बसला.

धोंडा नेमका कोणता, यावर मात्र संशोधकांचे पुरते एकमत नाही, आणि असे असणे योग्यच आहे. पाइनच्या सुयांतून व झुडपांच्या पाल्यातून येणारी टर्पीने आणि फिनॉलिक संयुगे अमोनियमचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, कोळसा ती शोषतो आणि विकर मोकळे होते, हे एक स्पष्टीकरण. दुसरे असे की ही संयुगे जिवाणूंचे खाद्यही असतात. ती खाऊन वाढणारे इतर जिवाणू अमोनियम गिळून टाकतात, आणि खाद्यच शोषले गेले की ते अमोनियम नायट्रीकरणासाठी उरते. तिसरे, कोळशासोबतच्या राखेने आम्लधर्मी मातीचा सामू थोडा वाढतो आणि नायट्रीकरण करणाऱ्यांना ते मानवते. चौथे, कोळशाच्या छिद्रांत जिवाणूंना भक्षकांपासून सुरक्षित घर मिळते. यांतले राखेचे कारण वेगळे काढण्यासाठी स्वीडनमध्ये पाइनच्या जंगलात कोळशाऐवजी सक्रिय कर्ब, म्हणजे शोषणासाठी मुद्दाम तयार केलेला कोळसा, वापरून पाहण्यात आले. त्याच्याबरोबर वणव्याची राख येत नाही, पण शोषण मात्र जोरदार होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातही नायट्रीकरण वाढले. त्यामुळे शोषण हा मुख्य धागा आहे असे मानायला मी तयार आहे, बाकीची कारणे आपापल्या जागी थोडा हातभार लावत असतील.

मामांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न यापुढचा आहे. नायट्रेट वाढले म्हणजे जंगलाचे भले झाले का? शेतकऱ्याच्या कानाला नायट्रेट हा शब्द गोड लागतो, पण उत्तरेकडच्या सूचिपर्णी झाडांना त्याची फारशी ओढ नाही. व्हाइट स्प्रूसची मुळे अमोनियम सहज घेतात आणि नायट्रेट घेण्यात फार कमी पडतात, असे १९९७ मध्ये दाखवले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी टॉर्गनी नेसहोल्म आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या जंगलात खुणा केलेले ग्लायसीन मातीत सोडून सिद्ध केले की पाइन, स्प्रूस आणि त्यांच्या खालची झुडपे व गवत अमिनो आम्ल सबंधच्या सबंध शोषून घेतात, त्याचे अमोनियम होण्याचीही वाट पाहत नाहीत. ज्यांनी नायट्रेटविना जगण्याची सोय हजारो वर्षांत लावून घेतली आहे, त्यांच्यापुढे नायट्रेटचे ताट वाढून उपयोग काय? फायदा होतो तो बर्च आणि गवतांसारख्या झटपट वाढणाऱ्यांचा. वॉर्डल यांच्या १९९८ मधील प्रयोगात एम्पेट्रमखालच्या ह्युमसमध्ये कोळसा मिसळल्यावर बर्चची रोपे जोमाने वाढली, पाइनच्या रोपांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. शिवाय नायट्रेट ऋणभारित असल्याने मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. घेणारा कोणी नसेल तर ते पाण्याबरोबर खाली जाते आणि ओढ्याला मिळते. म्हणजे जळालेल्या जागेत नवे रान उभे राहत असताना कोळशाचे हे काम उपयोगाचे असते, आणि उभ्या, जुन्या, स्थिर जंगलात मुद्दाम तेच करायला जाणे हा आगाऊपणा ठरू शकतो.

याच ओघात आणखी एका वादाचा उल्लेख करायला हवा. २००८ मध्ये वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. जाळीच्या पिशव्यांत कुठे नुसता ह्युमस, कुठे नुसता कोळसा, कुठे दोहोंचे निम्मे-निम्मे मिश्रण भरून त्या उत्तर स्वीडनच्या जंगलात पुरल्या होत्या. दहा वर्षांनी मिश्रणाच्या पिशव्यांचे वजन दोन्हींच्या सरासरीवरून अपेक्षित होते त्याहून स्पष्टपणे अधिक घटले होते. कोळशाने ह्युमसचे कुजणे वेगवान केले, असा त्यांनी अर्थ लावला. बायोचारचे पुरस्कर्ते योहान्स लेहमान आणि सरान सोही यांनी लगेच आक्षेप घेतला: घटलेले वजन ह्युमसचेच कशावरून, कोळशाचे कशावरून नाही, आणि ते हवेत गेले की विरघळून खालच्या थरात गेले? आक्षेप रास्त आहे. परंतु नत्राच्या बाजूने पाहिले तर ह्युमस कुजणे म्हणजेच त्यात बांधलेले नत्र सुटणे. कर्ब साठवण्यासाठी कोळसा घालायचा आणि त्याने जुन्या ह्युमसमधला कर्ब व नत्र दोन्ही मोकळे करायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा होऊ शकतो, एवढी शंका तरी त्या पिशव्यांनी कायमची मागे ठेवली आहे.

नायट्रेटचा प्रवास मुळापाशी किंवा ओढ्यापाशी थांबला नाही तर तो विनायट्रीकरणाच्या वाटेने जातो: प्राणवायू कमी असलेल्या ओल्या मातीत जिवाणू नायट्रेटचे आधी नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू करतात. मधल्या टप्प्यावर निसटलेला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. बायोचारचा एक खरा गुण इथे दिसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मारिया लुस कायुएला यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात १४ प्रकारच्या शेतजमिनींतून निघणारा नायट्रस ऑक्साइड बायोचारमुळे १० ते ९० टक्क्यांनी घटला, आणि शेवटचा टप्पा पूर्ण होण्याचे प्रमाण वाढले. कोळसा जिवाणूंना इलेक्ट्रॉनची ने-आण करायला मदत करतो, असे त्यांनी सुचवले. दहा ते नव्वद ही रेंज पाहिली की मात्र हुरूप जरा आवरावा लागतो, आणि त्या जमिनी जंगलाच्या नव्हत्या हेही विसरून चालत नाही.

प्रत्यक्ष उभ्या जंगलात बायोचार पसरून पाहण्याचे काम फिनलंडमध्ये झाले आहे. मार्जो पाल्विआइनेन आणि सहकाऱ्यांनी स्कॉट्स पाइनच्या तरुण जंगलात स्प्रूसच्या लाकडाचा, ५०० आणि ६५० अंशांना केलेला बायोचार हेक्टरी ५ आणि १० टन या प्रमाणात जमिनीवर पसरला. २०१८ मधील त्यांच्या निबंधाचा सूर सौम्य आहे: मातीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये लक्षणीय वाढ झाली नाही, म्हणजे ह्युमस भराभर जळून गेला नाही. वणव्याने नैसर्गिकपणे पडणारा कोळसा हेक्टरी एक-दोन टन आणि इथे पसरलेला पाच-दहा टन, हा फरक लक्षात घेतला तर हा सौम्यपणा मला अधिकच अर्थपूर्ण वाटतो. जंगल सहजासहजी हलत नाही.

आता आपल्याकडचे. वणव्याचा कोळसा, राख आणि तापलेली माती या तिन्ही गोष्टी आपण मराठीत एकाच 'भाजणे' या शब्दात गुंडाळतो, आणि कोकणातला राब हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. भाताच्या रोपाच्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांची तोडलेली कवळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते सावकाश जाळायचे. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी झाडे खांडण्याच्या हक्कावरून सरकार आणि रयत यांच्यात एवढा तंटा झाला की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबाच्या पद्धतीवर रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. राबात नत्र मिळते ते प्रामुख्याने माती तापण्यातून: उष्णतेने सूक्ष्मजीव मरतात, सेंद्रिय पदार्थ फुटतात आणि अमोनियम मोकळे होते. राख पालाश आणि चुना देते. वरच्या मातीमुळे धुमसत जळणाऱ्या थरात थोडा कोळसाही होतो, पण एका हंगामाच्या रोपाला त्याचा लाभ किती, हे बाकी दोन परिणामांच्या गलक्यात ऐकू येणे कठीण. स्वीडनच्या जंगलातला कोळसा शंभर वर्षे एकटा काम करतो. राबातला कोळसा दरवर्षी उष्णता आणि राख यांच्या गर्दीत असतो. म्हणून "आपले पूर्वज बायोचारच करत होते" असे जे हल्ली ऐकू येते, ते मला पटत नाही. ते माती भाजत होते, आणि त्यामागचे त्यांचे कारण पुरेसे चांगले होते.

मुळशीच्या उतारावरची स्थिती तर आणखी वेगळी. तिथे पाला थंडीत वर्षानुवर्षे साचत नाही; एका पावसाळ्यात त्याचा बराचसा भाग मातीत जातो. कोरड्या उन्हाळ्यानंतर पहिला पाऊस पडला की सुकलेल्या मातीत सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि नत्राच्या खनिजीकरणाची लाट येते. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च नावाच्या संशोधकांनी १९५८ मध्ये हा परिणाम मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मामांच्या जमिनीत नायट्रीकरणाला कुलूप असेल असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. तिथली अडचण उलट बाजूची आहे: जूनमध्ये नायट्रेट तयार होते तेव्हाच दिवसाला शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि ते उतारावरून निघून जाते. ताजा कोळसा नायट्रेट फारसे धरत नाही. मुरलेला, पृष्ठभाग ऑक्सिडीकृत झालेला कोळसा अमोनियम बरे धरतो, पण तसा होण्यासाठी त्याला मातीत वर्षे काढावी लागतात किंवा शेणखतात मुरवावे लागते.

गणपतीत मामा घरी आले तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले, कुंड्यांसकट. उभ्या झाडांखाली पोती ओतू नका. पाला गोळा करून जाळू नका, जिथे पडतो तिथे राहू द्या, उतारावर आडवे काठीकचऱ्याचे बांध घाला म्हणजे तो वाहून जाणार नाही. कोळसा वापरायचाच असेल तर रोपांच्या पिशव्यांत वापरा, तोही आधी शेण आणि गोमूत्रात दोन-तीन महिने मुरवून, आणि मातीच्या दहाव्या भागाहून कमी. मामा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की पाल्याखाली जे पांढरे बुरशीचे जाळे दिसते ते झाडांना त्रास देते का, कारण गड्याने ते चुना टाकून मारायचे ठरवले आहे. मी घाईघाईने त्यांना गड्याला फोन लावायला सांगितला.

कुंड्यांचे म्हणाल तर, त्यातली माती मी फेकली नाही. पावसाळाभर ती उघड्यावर राहिली, तिच्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजत राहिला, आणि या जानेवारीत त्याच तीन कुंड्यांत मेथी पेरली. ती बाकीच्या तीन कुंड्यांसारखीच हिरवी आहे, त्यांच्याहून जास्त नाही.